बाकावरच्या रेघा

२ जून

दादा,

पाया पडतो. गुडघे आता वाकत नाहीत म्हणून कागदावरच पडतो. गोड मानून घे.

तुला लिहायला बसलो की अजून आपली शाळा समोर येते. दुपारचा शेवटचा तास, कवितेचा. चाळीस पोरं एका सुरात म्हणायची आणि खिडकीतलं ऊनसुद्धा चालीवर डुलतंय असं वाटायचं. तो बक्षीस समारंभ आठवतो? तू व्यासपीठावर कविता म्हणता म्हणता तिसऱ्या कडव्याशी थांबलास. पुढची ओळ सुचेना. तू घसा खाकरला नाहीस, रडला नाहीस, कुणाकडे मागितलं नाहीस. दोन्ही हात मांड्यांना चिकटवून ताठ उभा राहिलास, हेडमास्तरांनी खांदा धरून खाली उतरवीपर्यंत. मी पहिल्या रांगेत होतो; तुझ्यानंतर माझी पाळी होती. डोळे मिटून देवाला म्हणत होतो, दादाला ओळ आठवू दे. फाउंटन पेनाचं बक्षीस मला मिळालं, पण त्या दिवसाचा वीर तूच. हे पत्र त्याच पेनाने लिहितोय. निब तेवढी दोनदा बदलली.

तर मुद्दा नातवाचा. सतरा पूर्ण झाली. आईबाप नोकरीपायी परगावी, त्यामुळे वाढला आमच्याकडेच. सगळे त्याला टिचकी म्हणतात, कारण तो चेंडूला लाथ मारतच नाही, टिचकी मारतो. मागच्या पाण्याच्या टाकीवर ओलीचा एक डाग आहे, ताटलीएवढा. टिचकी तीस पावलांवरून त्या डागावर चेंडू मारत राहतो, एकदा उजव्याने, एकदा डाव्याने. मी गच्चीत बसून ऐकतो. लघु, गुरू, लघु, गुरू. दादा, तासभर वृत्त मोडत नाही रे!

तू तीस वर्षं क्लब चालवतोयस. तुझ्या हाताखाली घातलं तर त्याचं सोनं होईल. त्याला दुसरं काही नको आहे, फक्त खेळायचं आहे. केव्हा पाठवू?

तुझा धाकटा

९ जून

कविराज,

पत्र पोचलं. चार पानं. कामाची ओळ एक, तीही चौथ्या पानावर खाली. मास्तरकी करायचास तेव्हा वर्गातही तू असाच होतास म्हणे. तू डोळे मिटून कविता म्हणायचास आणि पोरं बाकाखाली पेन्सिलींना टोक करायची.

पाठव पोराला. पंधरा तारखेला, सकाळी सहाला, मैदानावर. घरी मी मोठे आजोबा, मैदानावर सर. चुकून आजोबा म्हणाला तर दहा फेऱ्या. त्याचा पत्ता म्हणून तुझंच घर नोंदवतोय. इथे वसतिगृहात कागदपत्रं हरवतात.

माझ्याविषयी ऐकलं असशीलच. डावरा गेला, शिट्टी गेला, ते जुळे भाऊ तर एका दिवशी एकाच गाडीतून गेले. सगळे नदीपलीकडच्या क्लबात. लोक म्हणतात, पोरं हा घडवतो आणि खेळवतात पलीकडचे. लोकांना म्हणावं, नदीवर पूल मी बांधलेला नाही.

माझ्या काही पद्धती आहेत. त्या मी कुणाला सांगत नाही, तूही विचारू नकोस.

दादा

१० सप्टेंबर

दादा,

मोसमातले दोन सामने झाले. वर्तमानपत्रात दोन्ही वेळा नावांची यादी पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली. टिचकीचं नाव बदली खेळाडूंत, शेवटचं.

त्याची तक्रार नाही हं. पंधरा दिवसांनी एक पत्र येतं, आठ ओळींचं. ‘सराव चांगला चालू आहे. सर बोलत नाहीत, पण बघतात. जेवतो.’ ही म्हणते, पोरगं तुमच्या वळणावर गेलं नाही हे एक बरं झालं.

पण मी आजोबा आहे ना रे. टाकीवरचा तो डाग वाळून चाललाय. पोरगं असताना तो कसा ओला राहायचा कोण जाणे. म्हणून भीत भीत लिहितो: त्याला एखाद्या सामन्यात उतरवून बघ. दहाच मिनिटं. धाकट्या भावाचं एवढं ऐक.

तुझा धाकटा

१५ सप्टेंबर

कविराज,

पत्र मिळालं. तुझ्या म्हणण्याची दखल घेतली आहे.

दादा

२० नोव्हेंबर

दादा,

तू कसा आहेस हे जगाला कधी कळायचं नाही, पण मला कळलं! ‘दखल घेतली आहे’ एवढंच लिहिलंस, आणि मी वेडा दोन महिने रुसून बसलो. मग टिचकीचं पत्र आलं. त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवतो:

‘आजोबा, एक गंमत. बाकावर माझी जागा टोकाची. सप्टेंबरात तिथे पाठीमागच्या फळीवर खडूने सहा रेघा मारलेल्या दिसल्या. कुणी मारल्या माहीत नाही, पण सामना संपला की सर येतात आणि अंगठ्याने एक रेघ पुसतात. माझ्याकडे बघतही नाहीत. मला वाटतं, रेघा संपल्या की मी खेळणार. सामानवाले काका म्हणाले, बाळा, या फळीवर रेघा आल्या की पोरगं जातं. मी म्हटलं, जातं म्हणजे मैदानातच ना? काका हसले नाहीत. पण ते कधीच हसत नाहीत.’

दादा, मी हिला हे तीनदा वाचून दाखवलं. तू शिकवत नाहीस, तू लय बांधतोस! परवाच्या सामन्यानंतर एकच रेघ उरलीय म्हणे. आता एक वेडी मागणी. तीस तारखेला मला बहात्तर पूर्ण होतात आणि त्याच दिवशी तुमचा सामना आहे. ती शेवटची रेघ दोन दिवस आधी पुसता नाही का येणार? त्या दिवशी पोराला मैदानात बघितलं तर मला आणखी काही नको.

तुझा धाकटा

२५ नोव्हेंबर

कविराज,

दखल घेतली आहे. वाढदिवसाचे आशीर्वाद.

दादा

१४ जानेवारी

दादा,

वाढदिवसाला आलो होतो. तुला सांगितलं नाही. तिकीट काढून दगडी पायऱ्यांवर बसलो, पलीकडच्या अंगाला. नव्वद मिनिटं टिचकीचा मफलर बघत होतो, हिने विणलेला. तो बाकावरून उठला नाही.

नंतर त्याचं पत्र आलं. एका रेघेच्या जागी सात झाल्या होत्या. ‘मी काय चुकलो ते कळत नाही, आजोबा. सरावाला सगळ्यांच्या आधी जातो. सरांना विचारू का? नको, सरांना बोललेलं आवडत नाही.’ त्यानंतरची पत्रं चार ओळींची. शेवटच्यात एकच ओळ: ‘आता तीन उरल्या.’

आणि आता जे लिहितो ते वाचून फाडून टाक.

परवा त्याच्या नावाने एक लिफाफा आला, नदीपलीकडच्या क्लबाचा. मी उघडला. उघडायला नको होता. त्यांना टिचकी हवा आहे, आणि बाकावर बसवायला नव्हे, मधल्या फळीत खेळवायला. ३१ जानेवारीच्या आत होकार कळवायचा, त्यानंतर या मोसमाची नोंदणी बंद.

ते पत्र मी त्याला पाठवलेलं नाही. माझ्या जुन्या पाठ्यपुस्तकात ठेवलंय, चौथीच्या कवितांच्या पानांत. तुझ्यासाठी, दादा. डावरा गेला, शिट्टी गेला, आपल्या रक्ताचं पोरगंही पूल ओलांडून गेलं असं तुला म्हातारपणी बघायला लागू नये म्हणून. पण तूही थोडं सैल सोड रे. तीनच रेघा आहेत. २५ तारखेला त्याला उतरव. एकदा खेळला की तो कुठे जायचा नाही, आणि मलाही रात्री झोप लागेल. हात जोडतो.

तुझा धाकटा

२ फेब्रुवारी

कविराज,

मुद्दाम ३१ तारीख जाऊ दिली. आता सांगायला हरकत नाही.

माझी पद्धत साधी आहे. ज्याने माझ्याकडे जागा मागितली तो पुढचे सहा सामने बाकावर. पोराने मागो, बापाने मागो, आजाने मागो. मागणं ते मागणं. डावऱ्याच्या बापाने मागितली, शिट्टीने स्वतः मागितली, जुळ्यांनी एकमेकांसाठी मागितली. नियम आधी सांगत नाही. सांगितला तर सगळेच मुके होतील, मग कोण मुळातला मुका आणि कोण भितरा हे कळणार कसं?

तुझ्या नातवाने एकदाही मागितली नाही. साडेसात महिने. असं पोर मी तीस वर्षांत पाहिलेलं नाही. सप्टेंबरात दुसरा सामना झाला त्याच दिवशी ठरवलं होतं, पुढच्या सामन्यात हा पहिल्यापासून खेळेल. यादीही लिहून ठेवली होती. मग तुझं पत्र आलं.

सहा तुझ्या सप्टेंबरच्या पत्राच्या. सहा वाढदिवसाच्या. सहा हात जोडल्याच्या. आज फळीवर आठ आहेत. मोजून बघ, शेवटचा सामना तेवढा उरतो.

तू म्हणशील, पोराचा काय दोष? नाहीच. पण आज एकदा नियम मोडला तर डावऱ्याला मी उगाच घालवला असं होईल, शिट्टीला उगाच घालवला असं होईल. तेवढं मोठं ‘उगाच’ या वयात मला पेलवायचं नाही.

आणि तो बक्षीस समारंभ. तू आयुष्यभर त्याला रंग देत आलास म्हणून लिहितो. तुझे डोळे मिटलेले नव्हते, कविराज. मी तुझ्याकडेच बघत होतो. तुला ती ओळ येत होती. महिनाभर आपण दोघं ती एकाच अंथरुणावर बसून पाठ करत होतो. मी डोळ्यांनी मागितली. आयुष्यात तेवढी एकदाच. तू ओठ घट्ट मिटलेस आणि हातातल्या कागदाकडे बघितलंस. पुढची पाळी तुझी होती.

त्याच बक्षिसाच्या पेनाने आता मला मागण्या लिहितोस.

दादा

१२ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र म्हणजे मागणी नाही. कृपा करून तसं धरू नकोस. चार वेळा लिहून चार वेळा फाडलं. कुठल्या वाक्याला तू मागणी समजशील ते कळेनासं झालंय.

इथे हवा कोरडी आहे. दुपारी वारा सुटतो. कुंडीतल्या रोपाला नवी पालवी आली.

ही विचारते, पोराला खरं का सांगत नाही? सांगायला गेलो तर त्या लिफाफ्याचंही सांगावं लागेल. म्हणून मी त्यालाही हवेविषयीच लिहितो.

धाकटा

२ जून

कविराज,

सामना वर्तमानपत्रात वाचला असशील. त्यात जे नाही ते लिहितो.

१७ मेला शेवटची रेघ पुसली. अंगठा पॅंटला पुसला आणि पोराला खोलीत बोलावलं. माझी खोली तुला माहीत नाही: एक टेबल, जुने करंडक, भिंतीवर तीस मोसमांचे फोटो. एकेका फोटोत एकेक पोर असं आहे जे पुढच्या फोटोत नाही. त्याला खुर्ची दिली. मी कुणाला खुर्ची देत नाही.

म्हटलं, ‘तू पास झालास.’

‘कशात, सर?’

मी सगळं सांगितलं. नियम, रेघा, डावरा. म्हटलं, तीस वर्षांत न मागणारा तू पहिला. आणि त्याला वाटू नये की शिक्षा त्याची होती, म्हणून तुझी मागणीची तिन्ही पत्रं त्याच्यापुढे ठेवली. तू एक फाडायला सांगितलं होतंस. मी कागद फाडत नाही.

त्याने तिन्ही वाचली. हळूहळू, बोट ओळीखाली धरून, तू शिकवलं असशील तसं. जानेवारीचं दोनदा वाचलं. मग तारखांप्रमाणे लावून माझ्यासमोर ठेवली.

‘म्हणजे दोघांनाही माहीत होतं,’ म्हणाला.

‘मला माहीत होतं. त्याला फेब्रुवारीत कळलं.’

‘आणि मला मेमध्ये. थँक यू, सर.’

मला वाटलं, पोराला अभिमान वाटला. खोटं कशाला लिहू, मला तसंच वाटलं. दोन आठवडे मी शीळ घालत हिंडत होतो. सामानवाल्याने विचारलं, ‘सर, तब्येत बरी आहे ना?’

३१ मे. बरोबरी झाली असती तरी आम्ही वरच्या गटात राहिलो असतो. सत्तराव्या मिनिटाला एक-एक होतं. मी त्याला उठवलं. त्याने मे महिन्यातही गळ्यात असलेला तो मफलर काढून घडी केली आणि बाकावर ठेवला, टोकाच्या जागेवर. मी खांद्यावर हात ठेवला.

तो आत गेला, मधल्या वर्तुळात पोचला आणि उभा राहिला. दोन्ही हात मांड्यांना चिकटवून. ताठ.

चेंडू त्याच्या पायाशी आला. लागला आणि लांब गेला. त्याने पाय हलवला नाही. आमची पोरं ओरडत होती, ‘अरे टिचक्या, झोपलास काय!’ पायऱ्यांवरची माणसं आधी हसली, मग शिव्या घालायला लागली, मग गप्प झाली. तो माझ्याकडे बघत होता. वीस मिनिटं. मला ती नजर माहीत होती. ती मीच एकदा कुणाकडे तरी टाकली होती. फरक एवढाच की तो काही मागत नव्हता.

सहायक म्हणाला, ‘सर, बाहेर घ्या त्याला. दहा जणांनी खेळतोय आपण.’

घेता आलं असतं. एक बदली शिल्लक होती. मी म्हटलं, ‘राहू दे.’ मीच उतरवला होता. बाहेर घेतला असता तर चुकलो असं कबूल करावं लागलं असतं. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला त्यांनी गोल केला, त्याच्या शेजारून पळत जाऊन. आम्ही खालच्या गटात.

मफलर माझ्याकडे राहिलाय. पोरगा घरी पोचला का?

दादा

९ जून

दादा,

पोचला. सकाळी आला, पिशवी दारातच ठेवली. हिच्या पाया पडला. माझ्या खोलीत येऊन म्हणाला,

‘आजोबा, तुमच्या पुस्तकात माझं काहीतरी राहिलंय.’

मला पान सापडेना. त्यानेच पुस्तक घेतलं, चौथीच्या कविता काढल्या, लिफाफा खिशात घातला आणि पुस्तक होतं तिथे नीट ठेवलं. मी म्हटलं, ‘बाळा, मी तुझ्या भल्यासाठी...’

‘तुमचं अक्षर फार छान आहे, आजोबा,’ तो म्हणाला. ‘तिन्ही पत्रांत एकही खाडाखोड नाही.’

जेवायला थांबला नाही. टाकीकडे गेला. मला वाटलं, एकदा तरी चेंडू मारेल. तो डाग पूर्ण वाळलाय. त्याने त्यावरून हात फिरवला आणि मागच्या दाराने गेला. पलीकडच्यांनी अजून दार उघडं ठेवलंय, हे मला वर्तमानपत्रातूनच कळलं.

तुझं ते खरं आहे. मला ओळ येत होती. साठ वर्षं मी तुझ्या हट्टाच्या गोष्टी सांगत आलो, कारण त्या सांगताना माझ्या ओठांकडे कुणी बघत नाही.

धाकटा

२० ऑगस्ट

धाकट्या,

क्लबाने मला नारळ दिला. तीस वर्षांचे फोटो एका खोक्यात घालून दिले, खोकं बुटांचं. सामानवाला फाटकापर्यंत आला. मी म्हटलं, ‘तू काही बोलला नाहीस कधी.’ तो म्हणाला, ‘बोललो असतो तर माझ्याही रेघा मारल्या असत्या, सर.’

काल पूल ओलांडून गेलो. पहिल्यांदाच. तिकीट काढून सगळ्यात वरच्या पायरीवर बसलो. डावरा कर्णधार. शिट्टी उजवीकडे. मध्ये आपलं पोर. धाकट्या, तू लघु-गुरू म्हणत होतास तेव्हा मी हसलो होतो. अरे, तो चेंडूला हात लावल्यासारखा पाय लावतो! मी एक अख्खा मोसम त्या पायांकडे पाठ करून उभा होतो.

सामना संपल्यावर खाली गेलो. तो कुंपणापाशी आला, मला बघितलं, आणि आत गेला.

मी दुसऱ्या गटातला एक छोटा क्लब धरतोय. शाळेच्या मैदानावर, सोळा पोरं. नियमबियम काही नाही. आठवड्यातून एक दिवस त्याने यावं, पोरांना नुसतं दाखवावं. माझ्याशी बोलू नये हवं तर. हे त्याला तू लिही, तुझं अक्षर चांगलं आहे. लिही की मी मागतोय. हाच शब्द लिही.

दादा

४ सप्टेंबर

दादा,

तुझा शब्द होता तसा लिहिला. खाली माझंही घातलं: एकदा घरी ये, टाकीपाशी पाच मिनिटं उभा राहा, मी गच्चीतून खाली उतरणार नाही.

आज उत्तर आलं. एका लिफाफ्यात दोन घड्या, वर ‘मोठे आजोबा’ आणि ‘आजोबा’. तुझी घडी सोबत ठेवलीय. उलगडताना उजेडात धर. मला आधी कागद कोराच वाटला होता. खडूने सहा रेघा आहेत. टपालात थोड्या पुसट झाल्यात, पण मोजता येतात.

माझ्या कागदावर अठरा आहेत, तीन पत्रांच्या सहा-सहा.

ही म्हणाली, खडू आहे तो, फुंकर मारली तरी जाईल. मी कागद पुस्तकात ठेवलाय, चौथीच्या कवितांत, श्वास आवरून. तूही पुसू नकोस. पुसायचं झालं तर तो येईल, सामना संपल्यावर, अंगठ्याने.

धाकटा